हातगाडी ओढत गेलेली माणसं

रुतबाईंनी आमच्या घरचा चहा नाकारला, तेव्हाच थोरल्या मायनं ठरवून टाकलं की या बाईचं काही खरं नाही. थोरली माय म्हणजे माझी चुलती. आईवडील सहा महिने ऊसतोडीला गेले की मी तिच्याजवळ राहून शाळा करायची. पाहुणा दारात आल्यावर चहा घेत नाही, ही गोष्ट तिच्या उभ्या जन्मात घडलेली नव्हती. तिनं शेजारून दूध मागून आणून, आलं ठेचून, साखर सढळ हातानं घालून पितळी पातेल्यात चहा उकळला होता आणि घरातली एकुलती एक न फुटलेली कपबशी धुऊन पुसून पुढं केली होती. बाजेवर ताठ बसलेली ती उंच, गोरी, पिकल्या केसांची बाई दोन्ही हात जोडून पुस्तकातल्या मराठीत म्हणाली, "क्षमा करा. आमच्या धर्मात चहा पीत नाहीत. कॉफीसुद्धा नाही. मी आपली फार आभारी आहे."

"चहा न पिणारा कसला धर्म वो बाई?" थोरली माय म्हणाली. "दारूबिरू म्हणलं तर समजतंय."

"दारूसुद्धा नाही. तंबाखूसुद्धा नाही."

दाराशी उकिडवे बसून तळहातावर तंबाखू मळत होते माझे वडील, आबा. त्यांचा अंगठा जागीच थांबला. त्यांनी एकदा बाईकडं पाहिलं, एकदा हातातल्या चुन्याकडं, आणि मूठ हळूच मिटून घेतली. आज इतक्या वर्षांनी माझ्याच घरी कुणी "मला चहा नको, शुगर आहे" म्हणतं तेव्हा मला ती मिटलेली मूठ आठवते आणि हसू येतं.

त्यांचं नाव रूथ. आमच्या गावात, म्हणजे उमापूरच्या अलीकडच्या एका वस्तीवर, त्या दोन दिवसांत 'रुतबाई' झाल्या. काटा रुतावा तशी ही बाई आमच्यात येऊन रुतली, असं बाया हसून म्हणायच्या. वय साठीला टेकलेलं. अमेरिकेत कॉलेजात शिकवून निवृत्त झालेल्या. पुण्यात वर्षभर राहून मराठी शिकल्या होत्या आणि गेवराईच्या एका सरांच्या ओळखीनं आमच्या मुकादमापर्यंत पोचल्या होत्या. त्यांना आमच्या टोळीबरोबर कारखान्यापर्यंत चालत यायचं होतं. गाडीत बसून नाही, चालत. कावून, ते कुणालाच कळेना. मुकादमानं मात्र लगेच होकार दिला. गोरी बाई आपल्या टोळीत, म्हणजे चार गावांत बोलबाला! फक्त त्याला एक अडचण होती. बाईंची मराठी दोन वाक्यांपुढं गेली की अडखळायची, आणि आमची मराठी तर त्यांना अर्धीअधिक कळायचीच नाही. टोळीत दहावीपर्यंत गेलेली एकटी मी. इंग्रजीत कशीबशी पास झालेली. मुकादम दारात येऊन आबांना म्हणाला, "तुमच्या मंदीला यंदा संगं घ्या. ती बाईची भाषा सांगंल." अशा तऱ्हेनं, जिला शाळेसाठी सात वर्षं मागं ठेवलं होतं ती मी, शाळेतल्या इंग्रजीपायीच ऊसतोडीच्या वाटेला लागले.

निघायच्या आधीचे आठ दिवस आमच्या घरी कसला ना कसला आवाज चालूच असायचा. पहाटे जातं, मग उखळ, मग आबांचं गाडीची चाकं काढून वंगण भरणं, कण्याला ठोके देणं, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा चिंचेनं घासणं. माय, म्हणजे माझी आई, येसर भाजायला बसायची. बाजरी, डाळी, धने, मिरच्या लोखंडी तव्यावर खरपूस होऊ लागल्या की सगळी वस्ती खोकत सुटायची. कारखान्यावर कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत राहताना रोज मसाला कुठला वाटायचा, उकळत्या पाण्यात मूठभर येसर सोडला की आमटी तयार. शेंगदाण्याची चटणी, बाजरीच्या खारोड्या, करडीचं तेल, वाळवलेल्या भाकरींची चवड, असं सगळं पत्र्याच्या डब्यात आणि धडुत्यात बांधलं जायचं. रुतबाई वही घेऊन त्या सगळ्याच्या मधोमध बसायच्या आणि प्रत्येक गोष्टीला बोट लावून विचारायच्या, "हे किती दिवस टिकते?" माय त्यांना एकेक सांगायची. पिठाच्या डब्यापाशी आल्यावर मात्र त्या बराच वेळ थांबल्या. हाताच्या ओंजळीत पीठ घेऊन, तोलून पाहिल्यासारखं करून, परत डब्यात सोडलं. त्या काय तोलत होत्या ते मला पुढं वाटेत कळलं.

आमच्या बारा गाड्या निघाल्या. आता सगळी माणसं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत कोंबून एका दिवसात नेतात. तेव्हा बैलाच्या पावलानं चार-पाच मुक्काम पडायचे. रुतबाई आमच्या गाडीमागून चालत होत्या. पायात जाड बूट, डोक्याला मायनं दिलेलं टापरं, हातात बाभळीची काठी. पहिल्या दिवशी आबांनी तीनदा गाडी थांबवून सांगितलं, "बाई, बसा की वर. आमाला पाप लागंल." त्या मान हलवून "नको, धन्यवाद" म्हणायच्या. शेवटी आबाच खाली उतरून चालू लागले. शेजारच्या गाडीतली गयाबाई, जिच्या तोंडाला कधी दम नसायचा, मला ओरडून म्हणाली, "मंदे, इचार तिला, घरात काय भांडण करून आलीया का?"

मी विचारलं. रुतबाई हसल्या आणि म्हणाल्या, माझ्या आजीची आजी अशीच चालली होती, म्हणून.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेवगावच्या पुढं एका ओढ्याकाठी गाड्या सोडल्या. बैलांना पाणी दाखवलं, बायांनी तीन दगड मांडून आमटी उकळली. बाभळीची विरळ सावली होती, तिच्यात आम्ही सगळे दाटीवाटीनं बसलो होतो. गयाबाईनंच पुन्हा विषय काढला. "सांग म्हणावं आता. आजीची आजी कुठं चाललती?"

रुतबाईंनी वही मिटली. थोडं मराठीत सांगून पाहिलं, मग इंग्रजीत शिरल्या. हळूहळू, एकेक वाक्य थांबून, माझ्याकडं पाहत. मी ते मराठीत ओढून आणायची. किती शब्द मला कळले नाहीत याची गणती नाही. पण त्या जमिनीवर काठीनं चित्रं काढत होत्या आणि गोष्ट अशी होती की अडलेला शब्द आपोआप सुटायचा.

त्यांचे लोक मॉर्मन. आबांना हा शब्द शेवटपर्यंत 'मारमन' असाच ऐकू आला. ख्रिस्ती लोकांतलाच हा पंथ, पण देव, धर्मग्रंथ, वागणं याबद्दल त्यांचं म्हणणं इतरांना पटायचं नाही. ज्या गावी राहायचे तिथले शेजारी त्यांच्यावर उठायचे. घरं जाळली, उभी पिकं जाळली, माणसं मारली. एका गावातून हाकलले की पुढच्या, तिथून हाकलले की त्याच्या पुढच्या. शेवटी भर थंडीत, गोठलेल्या नदीवरून गाड्या घालून त्यांना निघावं लागलं.

"थांब," आबा म्हणाले. "कोणी हाकललं? इंग्रजांनी?"

मी विचारलं. "न्हाई आबा. तिथल्याच लोकांनी. त्यांच्यासारख्याच."

"गोऱ्यांनी गोऱ्यांना?" आबांनी अवतीभवती पाहिलं. आमच्या डोक्यात गोरा माणूस म्हणजे साहेब. तो दुसऱ्याला हाकलतो. त्यालाही कुणी घराबाहेर काढू शकतं, हे आमच्या ध्यानीमनी नव्हतं.

मग त्यांनी ठरवलं, म्हणे, की जिथं कुणालाच राहावंसं वाटणार नाही अशा जागी जायचं. डोंगरांपलीकडं एक खारं तळं होतं, ओसाड मुलूख होता. तिकडं निघाले. महिनोन्महिन्यांची वाट. ज्यांची ऐपत होती ते बैलगाड्या घेऊन गेले. रुतबाईंच्या आजीची आजी, तिचं नाव एलन, नंतर आली. विलायतेतल्या गिरणीत काम करणारी गरीब बाई. नवरा, एक लहान लेक, बोटीतून समुद्र ओलांडून आले. तोवर बैल घ्यायची सोय उरली नव्हती. म्हणून या लोकांनी हातगाड्या केल्या. दोन चाकं, एक आडवा दांडा. रुतबाई उठल्या आणि आमच्या उभ्या गाडीच्या जूपाशी गेल्या. बैलाची मान जिथं येते तिथं स्वतःची छाती टेकवून, वाकून, त्या ओढायचं सोंग करू लागल्या.

कुणी हसलं नाही. गयाबाईच्या हातातला घास हातातच होता.

"बैल न्हवते?" माय म्हणाली. मघापासून ती पहिल्यांदाच बोलली.

"नव्हते," रुतबाई म्हणाल्या.

"बाया ओढायच्या?"

"बाया, माणसे, मुले. सर्व."

"खोटं सांगती ही," मागून एक गडी म्हणाला. "अमेरिकेची माणसं बैलाच्या जागी? येडं बनवती आपल्याला."

रुतबाईंना ते कळलं. त्यांनी पाकीट काढलं आणि त्यातून एक जुना फोटो. एक म्हातारी, काळा झगा, चेहऱ्यावर सुरकुत्यांचं जाळं, मांडीवर दोन हात. ते हात पाहून मायनं फोटो स्वतःच्या हातात घेतला. माझ्या मायच्या हाताला कोयत्यानं जसे घट्टे पडले होते, बोटं जशी आत वळून तशीच राहिली होती, तसेच ते हात. फोटो सगळ्यांच्यात फिरला. मग परत कुणी खोटं म्हणालं नाही.

पुढचं मी फार अडखळत सांगितलं. निघायला उशीर झाला होता. हातगाड्या ओल्या लाकडाच्या होत्या. कोरड्या हवेत लाकूड आटलं, चाकं खिळखिळी झाली. वाटेतच बर्फ पडायला लागलं. धान्य संपत आलं, तेव्हा माणशी पीठ मोजून मिळू लागलं, आधी ओंजळभर, मग मूठभर. एलनचा नवरा आपल्या वाटचं लेकीला देत देत एका सकाळी उठलाच नाही. चार दिवसांनी लेक गेली. जमीन दगडासारखी गोठलेली, कुदळ लागेना. आणि खणायला अंगात बळ कुणाच्या होतं? एलननं लेकीला शालीत गुंडाळलं, बर्फात ठेवलं, वरून हातांनी बर्फ लोटलं. गाडीचा दांडा धरला आणि चालू लागली. थांबली असती तर तीही गेली असती.

"मग पुढं गाडी कुणी ओढली? एकटीनंच?" गयाबाईनं विचारलं.

एकटीच पोचली. पुढं तिथंच एका माणसाशी लग्न केलं. त्याच्या दोन बायका आधीच होत्या. त्यांच्या पंथात त्या काळी तसं चालायचं.

"आगं माय! सवतींवर गेली?" गयाबाई किंचाळली, आणि त्या सगळ्या दुःखाच्या मधोमध एकदम हशा फुटला. रुतबाईसुद्धा हसल्या. डोळे पुसत हसल्या.

माय हसली नाही. ती भाकरीचा तुकडा बोटांनी बारीक बारीक करत बसली होती. हसणं ओसरल्यावर तिनं विचारलं, "ती परत गेली का तिथं? लेकीला ठिवलं तिथं?"

"नाही," रुतबाई म्हणाल्या. "कधीच नाही. जागा कोणालाच ठाऊक नाही."

"माझीची मला ठावं हाय," माय म्हणाली.

सवयीनं मी लगेच इंग्रजीत सुरुवात केली. 'ती म्हणते, तिच्या लेकीची जागा तिला...' आणि माझी जीभ थांबली. मायची लेक मी. एकटी मी.

"काय म्हणलीस, माय?"

"सांग तिला. मी सांगते तसं सांग." ती माझ्याकडं बघत नव्हती, रुतबाईंकडं बघत होती. "पहिली पोरगी. आठ महिन्यांची. ह्याच रस्त्यानं चाललतो. दोन दिस अंग तापलं. तिसऱ्या दिशी दूध ओढंना."

मी सांगितलं. 'दूध ओढंना' याला इंग्रजीत काय म्हणतात? 'ती प्यायली नाही,' असं मी म्हणाले. त्या वाक्यात काहीच नव्हतं. मला कळत होतं की त्यात काहीच नाही.

"सकाळी बघते तर गार. मुकादम म्हणला, टोळी थांबणार न्हाई. एकानं मागं ऱ्हावा, बाकीच्यांनी हाणा. ह्ये राहिले. मला धरून गाडीत घातलं. लिंबाचं झाड व्हतं, त्याच्याखाली ह्ये कोयत्यानं खांदत बसलेलं मी गाडीतून पाह्यलं. कोयत्यानं कितीक खांदतंय? वळण आलं अन् ते बी दिसंना. ह्ये दुसऱ्या दिशी दुपारी येऊन मिळाले. कुठं बसलते देवाला ठाऊक."

एकेक वाक्य तिच्या तोंडून माझ्या कानात आणि माझ्या तोंडून परक्या भाषेत. मला रडू येत नव्हतं. मी फक्त पुढचा शब्द शोधत होते. आज वाटतं, ते इंग्रजी होतं म्हणूनच मी तिथं बसू शकले. मराठीत ते मला पेललं नसतं.

रुतबाईंनी मायच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि मराठीत विचारलं, "तिचे नाव काय होते?"

"मंदा."

रुतबाई माझ्याकडं वळल्या. चूक झाली असं त्यांना वाटलं. त्या इंग्रजीत म्हणाल्या, तुझं नाव नाही, त्या बाळाचं नाव विचार.

"माय, ती त्या पोरीचं नाव इचारतीया."

"सांगितलं की. मंदा." माय आता माझ्याकडं पाहत होती. "तू झालीस तव्हा ह्येंनीच म्हणलं, हिलाबी तेच ठिवू."

मी रुतबाईंना काय सांगितलं ते मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की माझ्या डोक्यात आबांची हाक घुमत होती. 'मंदीचे माय, पाणी आण.' 'मंदीचे माय, कोयता कुठं ठिवला?' जन्मल्यापासून ऐकत आलेली हाक. मला वाटायचं, ती माझ्यावरून पडली. ती हाक माझ्या आधीपासून घरात होती. पंधरा वर्षं मी ज्या नावाला 'ओ' देत होते ते मला मिळायच्या आधी एका आठ महिन्यांच्या पोरीनं वापरलं होतं, आणि घरातल्या प्रत्येकाला, थोरल्या मायलासुद्धा, हे माहीत होतं.

आबा गाडीखाली आडवे झाले होते, आमच्याकडं पाठ करून. झोपले असतील असं वाटत होतं. ते उठले, धोतर झटकलं आणि कुणाकडंही न बघता म्हणाले, "कशाला उकरून काढतीस? चला, जुपा." मी गाडीच्या मागच्या टोकाला बसून होते. रुतबाई माझ्या शेजारून चालत होत्या, मधूनच माझ्या पावलाला हात लावत होत्या. मायनं मला काही समजावलं नाही. संध्याकाळी तिनं माझी वेणी घातली. सात वर्षं थोरली माय घालत होती, त्या दिवशी मायनं घातली, इतकंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन तापायच्या सुमाराला रस्त्याला एक वळण आलं. वळणापुढं मोठा लिंब होता. मायचा हात माझ्या दंडावर घट्ट झाला म्हणून मी पाहिलं. लिंबाच्या खोडाला पत्र्याची पाटी ठोकलेली: चहा, नाष्टा, जेवण. झाडाखाली बाजा टाकलेल्या, त्यांवर ट्रकवाले मांडी घालून भजी खात होते. टेपवर गाणं लागलं होतं. "माय, इथं?" मी विचारलं. ती म्हणाली, "हाटेल झालं त्याला दोन साल झालं. त्याच्या आधी बोडकंच व्हतं." म्हणजे दर वर्षी जाताना आणि येताना ती इथून गेली होती आणि एकदाही गाडी थांबव म्हणाली नव्हती.

आबांनी कासरा ओढला. गाडी थांबली. मागच्या गाड्या एकामागून एक थांबल्या. मोटारसायकलवरून पुढं गेलेला मुकादम धुरळा उडवत परत आला. तो सतरा वर्षांपूर्वीचा मुकादम नव्हता, त्याचा पोरगा होता. पण आवाज तोच असावा.

"काय झालं बे? बैल बसला का?"

"बैलाला काय झालं न्हाई."

"मग गाडी कावून उभी केली? परवा कारखान्यावर पोचायचंय."

"पोचू," आबा म्हणाले आणि खाली उतरले.

मुकादमानं तोंड उघडलं होतं, तेवढ्यात रुतबाई त्याच्या मोटारसायकलपुढं येऊन काठी टेकून उभ्या राहिल्या. तो बडबडत बिडी पेटवायला बाजूला गेला.

माय लिंबापाशी जाऊन उभी राहिली. झाड होतं, पण बाकी सगळं बदललं होतं. भट्टी, पाण्याची टाकी, पत्र्याचं शेड. ती भोवती पाहत राहिली आणि मग तिनं आबांना विचारलं. फक्त एक शब्द. "कुठं?"

आबा चालू लागले. बाजांच्या मधून, भट्टीच्या मागं. तिथं हॉटेलवाल्याची बायको राखेनं पातेली घासत बसली होती. टाकीच्या अलीकडं, जिथं तिच्या भांड्यांचं पाणी साचून शेवाळ धरलं होतं तिथं, न अडखळता, न शोधता आबा जाऊन थांबले. "हितं," म्हणाले.

ती बाई घाबरून उठली. "काय वो? काय पाह्यजे?"

मायनं तिला सांगितलं. दोनच वाक्यांत. त्या बाईच्या हातातलं पातेलं खाली पडलं आणि घरंगळत गेलं. "आगं माय... मी रोज हितं..." तिनं दोन्ही हातांनी भांडी गोळा करून लांब नेली. घागर आणून ती जागा धुतली, राख निघेपर्यंत, हातानं चोळून चोळून. मग आत जाऊन चहासाठी ठेवलेलं दूध पेलाभरून आणलं आणि मायच्या हातात दिलं. मायनं ते दूध त्या ओल्या मातीत ओतलं. गाणं कुणी तरी बंद केलं होतं. ट्रकवाले भजी तशीच ठेवून उभे राहिले होते.

आबा उकिडवे बसले. मातीकडं बघत बोलले. मला वाटतं, त्या मातीलाच सांगत होते.

"कोयत्यानं न्हाई खांदलं. कोयत्यानं लागलो अन् मुरूम आला. मंग त्या पलीकडच्या रानातल्या माणसाकडं गेलतो, टिकाव मागाया. तो देईना. दिसभर त्याच्या हिरीवर काम केलं तव्हा दिला. छातीएवढं खांदलं, मंदीचे माय. कोल्ह्याकुत्र्यानं उकरू नये म्हणून. दगडं रचली वरून, मंग माती. सकाळ झाली."

मायच्या हातात रिकामा पेला होता. सतरा वर्षं तिच्या मनात काय होतं ते त्या क्षणी तिच्या चेहऱ्यावर मला वाचता आलं. तिनं धरून ठेवलं होतं की आपल्या माणसानं लेकीला वर-वर पुरलं आणि तो कुठंतरी गुत्त्यात जाऊन बसला.

"मंग सांगायचं न्हाई व्हय मला?" ती म्हणाली. आवाज अगदी बारीक होता.

"तू कधी इचारलंस?"

रुतबाई माझ्या मागं उभ्या होत्या. आबा इतकं भराभर, इतक्या आतल्या आवाजात बोलले होते की त्यांना त्यातलं काहीच कळलं नव्हतं. त्यांनी हळूच विचारलं, काय म्हणाले ते? तीन दिवस मी त्यांना सगळं सांगत आले होते. गयाबाईच्या शिव्यासुद्धा. मी त्यांच्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "ते म्हणतात, उशीर झालाय. निघू या."

त्या हंगामानंतर आबा गाड्या बंद होईपर्यंत दर वर्षी तिथं थांबले. जाताना आणि येताना, पेलाभर दूध मातीत मुरेल इतका वेळ. ती हॉटेलवाली भांडी पुन्हा तिथं घासायला बसली नाही. तिथं तिनं तुळस लावली, आणि मायला बघितलं की आधी दूध आणायची, मग बोलायची. माय आणि आबा एकमेकांशी पहिल्यापेक्षा फार बोलू लागले, असं काही झालं नाही. पण गाडीत माय मागं बसायची ती पुढं, आबांच्या शेजारी बसू लागली.

रुतबाईंशी मी खोटं बोलले, हे मला डाचत राहिलं. दोन वर्षांनी गेवराईच्या कॉलेजात गेल्यावर शब्दकोश उसना घेऊन मी त्यांना पत्र लिहिलं. आबा त्या दिवशी खरं काय म्हणाले, शब्दन् शब्द. मुरूम, टिकाव, छातीएवढं, सगळं. उत्तर यायला बरेच महिने लागले. निळ्या कागदावर वळणदार अक्षर. तू खोटं सांगितलंस हे मला तेव्हाच कळलं होतं, असं त्यांनी लिहिलं होतं, आणि खाली लिहिलं होतं की एलनचा नवरा लेकीच्या चार दिवस आधीच गेला होता, मागं थांबून खणणारं तिला कुणी उरलं नव्हतं.

मी ते पत्र घरी नेलं आणि ओट्यावर बसून आबांना मराठी करून वाचून दाखवलं. त्यांनी तंबाखू मळायची थांबवली. तेवढी एक ओळ पुन्हा वाचायला लावली. मी वाचली. मग समोरच्या रस्त्याकडं बघत, कालपरवा शेजारच्या गावात घडलेली गोष्ट ऐकावी तसे म्हणाले, "लई वाईट झालं गं त्या बाईचं."